स्मरणिकांतला रस्ता आणि पायांखालचा रस्ता

धर्मग्रामाचा सुवर्णमहोत्सव किंवा शताब्दी जवळ आली की एक स्मरणिका निघते. आरंभी बिशपांचा शुभसंदेश, मग प्रमुख धर्मगुरूंची नामावली, मग बँडवाले, केटरर व शवपेट्या बनविणारे यांच्या जाहिराती. आणि या सर्वांच्या मध्ये कुठेतरी एखाद्या ज्येष्ठ धर्मग्रामस्थाचा 'आमचा जुना रस्ता' अशा आशयाचा लेख. आपल्या समाजाच्या गद्यातला हा एक स्थिर झालेला प्रकार आहे. कथा-कवितांची समीक्षा आपण करतो. या लेखांची मात्र करीत नाही. ती सद्भावनेने लिहिलेली असतात, लिहिणारे वयोवृद्ध असतात, त्यांना दुखवू नये, हे त्याचे कारण असावे. परंतु ज्या लेखनातून आपली मुले आपला इतिहास शिकतात त्या लेखनाला केवळ वयाचा मान देऊन चालणार नाही.

माझ्यापाशी अशा स्मरणिकांचा बऱ्यापैकी साठा आहे. त्यांतील वांद्र्याच्या हिल रोडवर आणि त्याच्या शेजारच्या बाजार रोडवर लिहिलेले लेख मी अलीकडे सलग वाचले आणि नंतर दोन दिवस तेच रस्ते पायी फिरून पाहिले. हा रस्ता निवडण्याचे कारण असे की तो केवळ वांद्रेकरांचा नाही. लग्नाच्या झग्याचे कापड, पहिल्या कम्युनियनचे बूट, नाताळचे चांदणे, सप्टेंबरात मोत माउलीला वाहायच्या मेणबत्त्या यांसाठी वसई-विरारची कुटुंबेही गाडीत बसून येथे येत आली आहेत. हा रस्ता सर्वांना ठाऊक आहे, म्हणून त्याविषयी काहीही लिहिले तरी खपून जाते.

या लेखांची पहिली खोड म्हणजे ते रस्त्याला जन्म देत नाहीत. रस्ता तेथे जणू अनादिकालापासून होता आणि अमुक वर्षी तो बिघडला, एवढेच त्यांचे कथानक. वस्तुस्थिती अशी की हा बाजार घडला तो दळणवळणामुळे. माहीमची खाडी ओलांडायला नावेशिवाय मार्ग नव्हता तोवर वांद्रे हे साष्टीच्या टोकाचे कोळ्यांचे, भातशेतीचे आणि पाखाड्यांचे गाव होते. सर जमशेटजी जीजीभॉय यांच्या पत्नी अवाबाई यांनी दीड लाखाहून अधिक रुपये दिले आणि १८४५ साली माहीमचा कॉजवे खुला झाला. १८६७ मध्ये विरारहून बॅकबेपर्यंत गाडी धावू लागली. १८७६ साली वांद्र्याला स्वतःची नगरपालिका मिळाली आणि १९५० साली ती मुंबई महापालिकेत विलीन झाली. स्टेशन पूर्वेला आणि मोत माउलीची टेकडी पश्चिमेला. या दोहोंना जोडणारी जी वाट तिचे नाव हिल रोड. म्हणजे ही मुळात यात्रेकरूंची वाट आहे. यात्रेच्या वाटेवर दुकाने लागणारच. ज्या लेखकांना आज दुकानांची गर्दी भक्तीच्या आड येणारी वाटते, त्यांनी हे ध्यानात घ्यायला हवे होते की या रस्त्याचा गिऱ्हाईक प्रथम भाविक म्हणूनच आला. (रस्त्याचे अधिकृत नाव रामदास नायक मार्ग. १९९४ च्या ऑगस्टमध्ये वांद्र्यातच ज्यांची गोळ्या घालून हत्या झाली त्या नगरसेवक व माजी आमदार नायकांचे. स्मरणिकांत ना हे नाव येते ना ती हत्या.)

दुसरी गोष्ट, हिल रोड आणि बाजार रोड हे शेजारी असले तरी त्यांचे स्वभाव वेगळे आहेत आणि आपले लेखक त्यांची सरमिसळ करतात. हिल रोड हा संस्थांचा रस्ता आहे. संत पीटरचे चर्च, १८६३ साली अनाथ मुलांसाठी सुरू झालेली जेझुइटांची संत स्टॅनिस्लाऊस शाळा, कन्याशाळेचे संत जोसेफ कॉन्व्हेन्ट, पश्चिमेला संत आंद्रेचे जुने चर्च, आणि त्या अंगाला १९५४ पासूनचा मेहबूब स्टुडिओ. या संस्थांच्या मधल्या जागेत दुकाने वसली. बाजार रोडवर उलट आहे. तेथे दुकान हेच घर आणि घर हेच दुकान.

बाजार रोडवरील एखादी उरलेली जुनी इमारत समोरच्या बाजूने नीट पाहावी. खाली रस्त्याला लागून फळ्यांची दारे असलेला गाळा. फळ्या क्रमाने खाचेत सरकवायच्या आणि वर आडवा लोखंडी दांडा टाकायचा. गाळ्याची खोली रुंदीच्या तिप्पट-चौपट, त्यामुळे मागे अंधार आणि गारवा. धान्य, मसाले, तेल तेथे ठेवायचे. वर माडी. माडीला लाकडी सज्जा, सज्जाला कोरीव किंवा ओतीव लोखंडी कठडा, वर उतरते कौलारू छप्पर, पावसाची झड येऊ नये म्हणून छपराखाली लाकडी पट्ट्यांची झालर. पायऱ्या पुष्कळदा बाहेरून. बाहेरचा जिना हा केवळ शोभेचा भाग नव्हे. खालचा भाडेकरू आणि वरचा रहिवासी एकमेकांच्या घरातून जाऊ नयेत, माडी वेगळी भाड्याने देता यावी, म्हणून तो बाहेर. रणवारच्या गावठाणातल्या कितीएक घरांनाही असाच जिना आहे. म्हणजे आपल्या पूर्वजांनी वास्तू बांधतानाच भाड्याचा हिशेब केला होता. स्मरणिकांतील लेख मात्र या जिन्यावर एखादी आजी बसवतात, तिच्या हाती जपमाळ देतात आणि पुढे जातात.

माझा आक्षेप त्या आजीला नाही. माझी स्वतःची आजीही तशाच पायरीवर बसून बॉटल मसाल्याच्या मिरच्या निवडीत असे. आक्षेप आहे तो भाडेपावतीचे पुस्तक झाकून ठेवण्याला. खालच्या गाळ्यात कोण होते? कोकणी मुसलमान, बोहरी, गुजराती वाणी, इराणी, घाटावरून आलेला मराठी दुकानदार. पाव भाजणारा, हार गुंफणारा, घड्याळ दुरुस्त करणारा. या रस्त्यांच्या परिसरात खुरीस, मशीद आणि देऊळ एकमेकांपासून हाकेच्या अंतरावर आहेत. आपल्या लेखांत हे शेजारी एका वाक्यात, 'सर्व धर्मांचे लोक गुण्यागोविंदाने राहत' या वाक्यात, येऊन जातात. त्यांना नावे नसतात. आपल्या धर्मगुरूंची नावे १८८० पासून देता येतात, पण ज्याच्याकडून तीन पिढ्या तांदूळ उधार घेतला त्याचे नाव देता येत नाही, असा हा इतिहास आहे.

या बाबतीत आपल्यापुढे चांगला आदर्श नव्हता असेही म्हणता येत नाही. ब्राझ ए. फर्नांडिस यांचा वांद्र्यावरील इंग्रजी ग्रंथ १९२७ साली प्रसिद्ध झाला. त्याच्या शीर्षकातच वांद्र्याचा 'धार्मिक' आणि 'लौकिक' असा दुहेरी इतिहास सांगण्याची प्रतिज्ञा आहे. लौकिक हा शब्द एका कॅथलिक संशोधकाने शीर्षकात घालावा याचे मला फार मोल वाटते. बाजार, घाट, नाव, कर, तलाव हेही आपल्या इतिहासात मोडतात, ही जाण त्या एका शब्दात आहे. नंतरच्या स्मरणिकाकारांनी फर्नांडिसांच्या ग्रंथातून तारखा उचलल्या. ती जाण उचलली नाही. संत आंद्रेच्या आवारातील एकसंध दगडाचा, ख्रिस्ताच्या दुःखसहनाची चिन्हे कोरलेला खुरीस आधी जेझुइटांच्या संत ॲनच्या मठाच्या आवारात होता, तो मठ १७३९ च्या धामधुमीत नष्ट झाला, आणि खुरीस पुढे येथे आणला गेला, ही माहिती जवळजवळ प्रत्येक स्मरणिकेत एकाच शब्दरचनेत सापडते. ती खरी आहे. पण एका लेखकाने ती लिहिली आणि वीस जणांनी उतरवून घेतली, याला परंपरा म्हणता येईल. संशोधन म्हणता येणार नाही.

आणि फर्नांडिसांचा ग्रंथ १९२७ चा आहे. या रस्त्याच्या वास्तूंचे खरे नाट्य त्यानंतर घडले. ते लिहायचे काम आपले होते.

ते नाट्य थोडक्यात असे. १९४७ च्या मुंबई भाडेनियंत्रण कायद्याने भाडी १९४० च्या पातळीवर गोठवली. फाळणीनंतरच्या त्या काळात भाडेकरूला संरक्षण आवश्यकच होते. कायदा करणाऱ्यांना मी दोष देत नाही. पण कायदा पन्नास वर्षे तसाच राहिला. नवा कायदा १९९९ मध्ये मंजूर होऊन २००० साली लागू झाला. या अर्धशतकात चुना, सागवान, कौले, गवंड्याची मजुरी सारे काही वाढत गेले आणि भाडे तेवढे स्थिर राहिले. मालकाने दुरुस्ती थांबवली. भाडेकरू स्वतःच्या खर्चाने पत्रा घालू लागला. १९६९ च्या कायद्याने जुन्या इमारतींच्या दुरुस्तीसाठी मंडळ आले ते शहर बेटापुरते. उपनगरे त्याच्या कक्षेबाहेर राहिली. म्हणजे गिरगावातील पडक्या चाळीला निदान उपकराच्या पैशातून टेकू मिळू शकत होता, बाजार रोडच्या माडीला तोही नव्हता. हा भेद एकाही स्मरणिकेत माझ्या वाचनात आला नाही. सर्वत्र एकच निदान : 'लोकांना पैशाचा मोह झाला.'

१९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीने हस्तांतरणीय विकास हक्क आणले. शहरातल्या आरक्षित जमिनीचा मोबदला म्हणून मिळालेले बांधकामाचे हक्क शहर बेटात वापरता येत नव्हते. ते उत्तरेकडे, उपनगरांत वापरायचे होते. मूळ नियमांत रेल्वेमार्ग आणि एस. व्ही. रोड यांच्या मधल्या पट्ट्यात त्यांना मज्जाव होता. हिल रोड एस. व्ही. रोडच्या पश्चिमेला. नकाशा समोर ठेवला की बंगले कुठल्या बाजूला आधी पडू लागले ते समजते. दक्षिण मुंबईतील एखाद्या जमिनीवर न बांधलेले मजले येथे येऊन आमच्या आंब्या-फणसांच्या जागी उभे राहिले. याला मोह म्हणावे तर तो एका संपूर्ण शहराच्या नियोजनाचा मोह होता.

तरीही सगळा भार कायद्यावर टाकून मला मोकळे होता येत नाही, कारण एका करारनाम्यावर माझीही सही आहे. माझ्या आजोबांचे घर गावठाणातले, हिल रोडपासून चालत पाच मिनिटांवर. आजोबांनंतर वाटणी झाली नव्हती. वारस अकरा, त्यांतले चौघे परदेशी. तळमजल्याचे दोन भाडेकरू महिना मिळून जे देत त्यात वर्षाकाठी एकदा कौले चाळणेही होत नसे. माझी मावशी तेवढी नको म्हणत होती. ती शेवटपर्यंत त्या घरात राहिलेली एकटीच. तिला आम्ही सर्वांनी समजावले. मी सर्वांत जास्त, कारण मी शिकलेला. "बाय, घर पडून कुणी दगावलं तर?" हे वाक्य माझे. ते खोटे नव्हते. पण मी ते ज्या वेळी उच्चारले त्या वेळी माझ्या मनात फ्लॅटचे क्षेत्रफळ होते, हेही खोटे नाही. सही करून झाल्यावर तिने पेनाचे टोपण लावले आणि विचारले, "आता ओट्यावरच्या खुरसाचं काय?" त्याचे उत्तर आमच्यापैकी कुणाकडे नव्हते. करारात त्याचा उल्लेख नव्हता. पुढे तो नव्या इमारतीच्या फाटकाशी, वीजमीटरांच्या खोलीला लागून बसवला गेला. वर्षभराने एका स्मरणिकेसाठी माझ्याकडे लेख मागितला गेला तेव्हा मी 'काळाच्या ओघात नाहीशी झालेली घरे' असे शब्द लिहिले. काळाच्या ओघात! अकरा सह्यांना मी काळाचा ओघ म्हटले. म्हणून आज दुसऱ्यांच्या लेखांतील कर्मणी प्रयोग माझ्या नजरेत भरतो. 'घर पाडले गेले', 'जागा विकली गेली', 'दुकान बंद झाले'. कर्ता नसलेली ही वाक्ये आपल्या स्मरणिकांत इतकी आहेत की वाटावे या घरांना मालकच नव्हते.

गावठाणातील खुरसांचा विषय निघालाच आहे तर एक सांगावे. वांद्र्याच्या गल्ल्यांतले अनेक खुरीस १८९६ च्या प्लेगच्या साथीत आणि त्यानंतरच्या वर्षांत उभारले गेले. ते भयातून आणि नवसातून उभारले गेले, शोभेसाठी नव्हे. कोणत्या पाखाडीने, कोणत्या साली, हे पुष्कळांवर कोरलेले आहे. रस्त्याचा इतिहास लिहू इच्छिणाऱ्याला याहून विश्वसनीय दस्तऐवज दुसरा मिळणार नाही, आणि तो वाचायला दप्तरखान्यात जावे लागत नाही. मी पाहिलेल्या लेखांत या खुरसांची छायाचित्रे आहेत. कोरलेला मजकूर कोणीच उतरवून घेतलेला नाही. ऑइलपेंटचे थर दर मे महिन्यात चढत आहेत आणि अक्षरे बुजत आहेत.

वारसा-जतनाच्या कायद्याकडे पाहता आपली भूमिका आणखी अवघड होते. १९९५ साली मुंबईसाठी वारसा नियमावली आली. वास्तूंच्या श्रेणी ठरल्या. वांद्रे स्टेशनची इमारत पहिल्या श्रेणीत गेली, ते योग्यच झाले. २०१२ साली महापालिकेने यादीत मोठी भर घालण्याचा मसुदा पुढे ठेवला तेव्हा शहरभर घरमालकांनी आणि गृहसंस्थांनी हरकती घेतल्या. घर यादीत गेले की दुरुस्तीलाही परवानगी लागणार आणि पैसे मात्र कोणी देणार नाही, ही त्यांची भीती निराधार नव्हती. जो मनुष्य स्मरणिकेत जुन्या सज्जाविषयी गहिवरून लिहितो तोच हरकतीच्या अर्जावर सही करतो, आणि दोन्ही वेळी तो प्रामाणिक असतो. असा माणूस एखाद्या कादंबरीत आला तर आपण लेखकाची पाठ थोपटू. आपल्या लेखांत तो येत नाही.

या अभावाची जागा इतरांनी घेतली आहे. रणवारच्या आणि चॅपेल रोडच्या भिंतींवर मोठमोठी चित्रे रंगली आहेत, हिंदी चित्रपटांतले नायक-नायिका सुद्धा. रविवारी तरुण मंडळी कॅमेरे घेऊन येतात. जुन्या घरांच्या तळमजल्यांवर कॉफीची दुकाने निघाली आहेत. मी याला नाक मुरडणार नाही. एखादे घर कॉफीच्या भाड्यावर उभे राहत असेल तर ते स्मरणिकेच्या हळहळीवर उभे राहण्यापेक्षा बरे. बाहेरच्या जिन्याचा मूळ हेतूही भाडे हाच होता. मात्र चित्रांनी घर दिसेनासे होते ही माझी तक्रार आहे. भिंत पाहायला आलेला मनुष्य सज्जाचा कठडा पाहत नाही. आणि बांधकाम व्यावसायिक तर पाडलेल्या बंगल्याचे नाव नव्या मनोऱ्याला देऊन मोकळे होतात. ती त्यांची स्मरणिका.

हिल रोडवर मात्र एक गोष्ट मला पायी फिरतानाच कळली, लेखांतून नव्हे. या रस्त्यावर अजून आकाश दिसते, झाडे दिसतात, ती मुख्यतः शाळांच्या, कॉन्व्हेन्टच्या आणि चर्चच्या आवारांत. कोणतीही यादी होण्यापूर्वी संस्थांच्या भिंतींनी हे काम केले. ज्या भिंतीआड मैदान आहे त्याच भिंतीला बाहेरून टेकून फेरीवाला आपली दोरी बांधतो, तिच्यावर कुर्ते आणि पिशव्या टांगतो. एल्को मार्केटच्या परिसरात पाणीपुरीसाठी उभी असलेली गर्दी, मोटारींचे भोंगे, आणि भिंतीपलीकडे सुटीची घंटा. आपले लेखक या फेरीवाल्याला 'अतिक्रमण' म्हणतात. कायद्याच्या भाषेत तसे असेलही. पण संस्थेची लांबच लांब बंद भिंत बाजाराच्या रस्त्यावर आली की तिच्या बाहेर बाजार भरणारच; ती भिंत आणि तो बाजार मिळून हा रस्ता झाला आहे. यांपैकी एकाची स्तुती आणि दुसऱ्याची निंदा करणारा लेख अर्धाच रस्ता पाहतो.

माझ्या साठ्यातील एका स्मरणिकेत बाजार रोडचे एक जुने छायाचित्र आहे. रस्ता ओला, मधोमध एक बैलगाडी, डावीकडे तीन गाळे ओळीने, वर सज्जावर वाळत घातलेली चादर. छायाचित्राखाली छापले आहे : 'गेले ते दिवस'. मी ते पान घेऊन त्या बाजूच्या तीन वृद्धांकडे गेलो. पहिल्या गाळ्यात वाणी होता आणि तो शनिवारी उधारीची वही उघडीत नसे, हे एका बाईंनी सांगितले. त्याचे नावही सांगितले. मधल्या गाळ्यात घड्याळजी होता. त्याचे नाव दोघांनी वेगवेगळे सांगितले, मी दोन्ही लिहून घेतली. तिसऱ्या गाळ्याच्या फळ्या छायाचित्रात बंद आहेत. तेथे कोण होते ते तिघांनाही आठवले नाही. त्यांतील एक गृहस्थ चष्मा काढून पान डोळ्यांजवळ धरून बराच वेळ बसले आणि मग म्हणाले की रायगडावरून आलेला कोणी तांब्यापितळेची भांडी कल्हई करणारा असावा, नवसागराचा वास त्यांना आठवतो. पण नाव विचाराल तर त्यांच्या थोरल्या बहिणीला विचारा, ती नायगावला असते.

पुढच्या रविवारी मिस्सानंतर मी नायगावला जाणार आहे.